आडवी रेघ, उभी रेघ

दुकानात टीव्ही घेऊन येणारा माणूस काय बिघडलंय ते कधी नीट सांगायचा नाही. "चित्र न्हाई, नुसती रेघ येत्या," एवढंच म्हणायचा. मग सेट टेबलावर चढायचा, अण्णा प्लग लावायचे आणि पडद्याच्या बरोबर मधोमध एक पांढरीशुभ्र आडवी रेघ उमटायची. वर काळं, खाली काळं. बातम्या, छायागीत, रामायण, सगळं त्या एका रेघेत चेपून बसलेलं. आवाज मात्र ठणठणीत. अण्णांचा हात सगळ्यात आधी ब्राइटनेसच्या बटणाकडं जायचा. रेघ पुसट होईपर्यंत ते बटण उलटं फिरवायचे, मगच मागचं कव्हर काढायला घ्यायचे. "व्हर्टिकल गेलाय," ते गिऱ्हाइकाला सांगायचे. आणि माझ्याकडं बघून, "आधी उजेड कमी करायचा. सगळा मारा एकाच रेघेवर होतोय. तसाच ठेवला तर ट्यूबला कायमचा डाग पडतो."

मिरजेतलं आमचं दुकान म्हणजे सहा फूट रुंद आणि अकरा फूट खोल असा गाळा होता. शाळा सुटली की दप्तर तिथंच टेकायचं. भिंतभर मांडणी, मांडणीवर उघडे सेट, प्रत्येकावर कुणाचा कुठला ते लिहिलेली चिठ्ठी. सोल्डरचा वास. वाटीत स्क्रू. अण्णांचे नियम मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते. चालू सेटमध्ये हात घालायचा तर एकच, दुसरा पाठीमागं धरायचा, म्हणजे करंट छातीतून जात नाही. ट्यूबच्या टोपीला शिवण्याआधी स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून चार्ज उतरवायचा, कारण रंगीत सेट बंद असला तरी ट्यूब हजारो व्होल्ट धरून बसलेली असू शकते.

व्हर्टिकल म्हणजे काय ते त्यांनी पाटीवर काढून दाखवलं होतं. ट्यूबच्या मागच्या निमुळत्या गळ्यातून इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो आणि पुढच्या काचेला आतून दिलेल्या थरावर आदळतो. जिथं आदळतो तिथं ठिपका उजळतो. एक सर्किट त्या झोताला डावीकडून उजवीकडं ओढतं, दुसरं वरून खाली. दोघं मिळून पडदा सारवतात, अंगण सारवावं तसा, ओळीनं. एका चित्राच्या ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. वरून खाली ओढणारं सर्किट मेलं की सगळ्या ओळी एकाच जागी एकावर एक पडतात. तीच ती रेघ.

६२५ गुणिले २५ केलं की १५,६२५ येतात. सेकंदाला तितक्या वेळा झोत डावीकडून उजवीकडं धावतो, आणि त्या धावण्याची एक बारीक शिट्टी सेटमधून बाहेर पडते. इतकी बारीक, की ती ऐकण्यापेक्षा कानात टोचल्यासारखी वाटते. गल्लीतून जाताना आवाज बंद करून ठेवलेला टीव्ही कुणाच्या घरात चालू आहे ते मला बाहेरूनच कळायचं. अण्णांना तेव्हाच ती ऐकू यायची नाही. वयाबरोबर वरचे सूर आधी जातात. म्हणून एखादा मेलेला सेट ते जिवंत करायला बसले की मला जवळ उभं करायचे. पडदा अजून अंधारात असायचा आणि ते विचारायचे, "शिट्टी येत्या का गं?" मी मान हलवली की त्यांना कळायचं, लाइन सेक्शन, म्हणजे झोताला डावीकडून उजवीकडं ओढणारं सर्किट, चालू झालं.

पुण्यात वेबसाइट बनवणाऱ्या एका लहान कंपनीत नोकरीला लागले त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एका मैत्रिणीकडं कलेच्या एका प्रदर्शनाचा जाडजूड कॅटलॉग हाती लागला. चाळता चाळता एका पानावर थांबले. फोटोत जुन्या पद्धतीचा एक टीव्ही होता, कुशीवर उभा केलेला, आणि त्याच्या काळ्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ. खाली नाव: 'झेन फॉर टीव्ही', नाम जून पाइक, १९६३. मैत्रीण म्हणाली, "किती शांत आहे ना?" माझ्या तोंडून निघालं, "व्हर्टिकल गेलाय याचा."

आणि खरंच गेला होता. पाइक मूळचा कोरियातल्या सोलचा, जन्म १९३२चा. कोरियन युद्ध सुरू झालं तेव्हा कुटुंब देश सोडून निघालं आणि पुढं जपानमध्ये राहिलं. टोकियोत तो शिकला, श्योनबर्ग या संगीतकारावर प्रबंध लिहिला आणि संगीतच शिकायला जर्मनीत गेला. तिथं जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची गाठ पडली. मार्च १९६३मध्ये वुपरटाल गावातल्या पार्नास गॅलरीत त्यानं पहिलं एकट्याचं प्रदर्शन मांडलं. नाव दिलं होतं 'संगीताचं प्रदर्शन – इलेक्ट्रॉनिक टेलिव्हिजन'. पियानो होते, ध्वनिफिती होत्या आणि एका खोलीत आतून फेरफार केलेले टीव्ही. त्यातला एक सेट येता येता बिघडला असं सांगतात. चित्राची एक आडवी रेघ होऊन बसली. दुरुस्त करायला वेळ होता की नव्हता कोण जाणे. पाइकनं तो सेट उचलला आणि कुशीवर ठेवला. आडवी रेघ उभी झाली. आडवी होती तोवर तो बिघाड होता. उभी केल्यावर लोक तिच्यासमोर दिव्यासमोर थांबावं तसे थांबू लागले.

मी त्याच रात्री अण्णांना फोन केला. सगळं सांगितलं, कोण माणूस, कुठलं गाव, कसा सेट आडवा केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "ब्राइटनेस कमी केला होता का त्यानं?"

या प्रश्नावर मी नंतर वर्षानुवर्षं विचार केला आहे. चित्रकलेचा जाणकार त्या रेघेत शून्य पाहील, ध्यान पाहील, आणि ते खोटं नाही. अण्णांना तिथं एक ट्यूब दिसली, जिचा एकच पट्टा तासन्‌तास जळतो आहे. दिवसभर मांडून ठेवायची असेल तर कुणीतरी तिची काळजी घेतलीच असणार, आणि ती कशी घेतली, एवढं त्यांना हवं होतं.

पाइकची पुढची कामं मी अण्णांच्या डोळ्यांनीच पाहत गेले. १९६५ साली त्यानं टीव्हीच्या डोक्यावर नालेच्या आकाराचा एक भलामोठा लोहचुंबक ठेवला. पडद्यावरचा झोत ओढला जाऊन चित्राची जागा एका झुलणाऱ्या, पिळदार पडद्यासारख्या आकारानं घेतली. आमच्या दुकानात हीच गोष्ट तक्रार म्हणून यायची. कुणीतरी टीव्हीला चिकटून मोठा स्पीकर ठेवलेला असायचा, त्याच्या चुंबकानं एका कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग धरायचा, आणि घरातले म्हणायचे, "अण्णा, माणसांची तोंडं हिरवी दिसाय लागलीत." अण्णांकडं त्यासाठी तांब्याच्या तारेची थाळीएवढी गोल कॉइल होती. ती चालू करून ते पडद्यासमोर गोल गोल फिरवत मागं मागं सरकायचे. सगळा पडदा इंद्रधनुष्यासारखा हेलकावे खायचा, मग एकेक रंग आपापल्या जागी जाऊन बसायचा. तो हेलकावा पाहण्यासाठी मी गृहपाठ सोडून उठायची. डाग गेल्याचा गिऱ्हाइकाला आनंद व्हायचा, मला मात्र ती दहा सेकंदं पुन्हा हवी असायची. पाइकनं तीच दहा सेकंदं लोकांसमोर कायमची मांडून ठेवली, असं मला 'मॅग्नेट टीव्ही'बद्दल वाटतं.

तो एकटा नव्हता, हेही मला महत्त्वाचं वाटतं. शुया आबे नावाचा जपानी इंजिनियर त्याच्याबरोबर होता. दोघांनी १९६४मध्ये 'के-४५६' नावाचा यंत्रमानव बनवला, मोझार्टच्या एका पियानो कॉन्चेर्टोच्या क्रमांकावरून नाव दिलेला. तो रस्त्यातून चालायचा, केनेडींचं भाषण ऐकवायचा. १९८२ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर पाइकनं मुद्दाम एका मोटारीकडून त्याला धडक देववली आणि तो रस्त्यावर आडवा झाला. पुढं आबे आणि पाइकनं मिळून चित्रांचे रंग-आकार हातानं वितळवता येतील असं यंत्र, व्हिडिओ सिंथेसायझर, उभं केलं. पाइकचं नाव सगळीकडं पोहोचलं. आबेंचं त्यामानानं फार कमी ठिकाणी.

आणि ली जंग-सुंग. हे सोलचे इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ, टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यातून आलेले. १९८८च्या सोल ऑलिंपिकच्या वर्षी पाइकला एक मनोरा उभा करायचा होता, टीव्हींचा, एकूण १,००३ सेटचा. आकडा ३ ऑक्टोबरवरून घेतलेला, त्या दिवशी कोरियाचा स्थापना दिन असतो. सोलजवळच्या ग्वाचॉन गावात राष्ट्रीय आधुनिक आणि समकालीन कला संग्रहालय आहे. तिथल्या गोल दालनात साडेअठरा मीटर उंच, खाली रुंद आणि वर निमुळता होत गेलेला हा मनोरा उभा राहिला. कोरियन नावाचा अर्थ, जितकं जास्त तितकं चांगलं. ते १,००३ सेट एकमेकांशी जोडून चालते करणाऱ्या हातांत ली यांचे हात होते, आणि २००६ साली पाइक गेला तोवर ते त्याच्या कामांची जोडणी करत राहिले. त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की अण्णांना सांगता येईल असा एक माणूस या जगात सापडला.

मनोरा मी पहिल्यांदा पाहिला तो मेलेला. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या कामानं सोलला गेले होते, एक रविवार मोकळा मिळाला. चार नंबरची मेट्रो, ग्रँड पार्क स्टेशन, तिथून संग्रहालयाची बस. झाडं पिवळी-लाल झालेली. आत शिरले तर गोल दालनाच्या मधोमध काळा मनोरा, भोवतीनं गोल वर चढत गेलेला रस्ता, आणि एकही पडदा चालू नाही. मला माहीत होतं. २००३ साली सगळे सेट एकदा बदलून झाले होते, तरी पुन्हा एकेक करून जात राहिले, आणि फेब्रुवारी २०१८मध्ये धोका नको म्हणून सगळाच मनोरा बंद केला होता. माहीत असूनही मी तयार नव्हते. काळ्या पडद्याच्या काचेत समोरचं सगळं दिसतं. हजार पडद्यांवर हजार वेळा तो रस्ता, त्या खिडक्या आणि त्यांच्यात कुठंतरी चिमुकली मी. दुकान बंद केल्यावर शटर ओढण्याआधी मांडणीवरचे सेट असेच दिसायचे.

त्या वेळी कोरियात मोठा खल चालला होता. चपटे एलसीडी लावून टाकावेत? की हे कामच आता संपलं असं मानावं? पाइकचा स्वतःचा जुन्या भागांवर हट्ट नव्हता, नवं तंत्र आलं तर तो आनंदानं घ्यायचा. मग काचेच्या जड ट्यूबांसाठी एवढी धडपड कशाला, असं म्हणणाऱ्यांचं चूक होतं असं मला म्हणवत नाही. पण माझं मन ट्यूबच्या बाजूनं आहे. ट्यूबची काच फुगीर असते, उजेड तिच्या पोटातून येतो, आणि प्रत्येक सेटचा पांढरा रंग वेगळा असतो: एक किंचित निळसर, एक दुधाळ, एक पिवळट. हजार सेट एकत्र लावले की ही हजार पांढरी मिळून एक जिवंत त्वचा होते. संग्रहालयानंही शेवटी ठरवलं, जमेल तितक्या ट्यूब राखायच्या.

ट्यूब आता फारशी कुणी बनवत नाही. म्हणून जुन्या बाजारातून वापरलेले सेट गोळा करावे लागले, सुटे भाग शोधावे लागले. एकेक सेट उघडून तपासायचा, चालेल तो दुरुस्त करायचा. असे ७३७ सेट ट्यूबचेच राहिले. अगदी वरचे सहा आणि दहा इंची छोटे सेट मिळेनात, त्या २६६ जागी एलसीडी बसवले, बाहेरचं रूप जुनंच ठेवून. वीजपुरवठा आणि थंड ठेवण्याची सोय नव्यानं केली. १५ सप्टेंबर २०२२ला मनोरा पुन्हा उजळला. तेव्हा ठरलं, तो आठवड्यातले चारच दिवस, दिवसाला दोनच तास चालवायचा, म्हणजे ट्यूब जास्त टिकतील. ब्राइटनेस कमी करण्याचीच ही मोठी आवृत्ती, असं मला ते वाचताना वाटलं.

या प्रकारच्या कलेबद्दल माझी एकच तळमळ आहे, ती इथंच सांगते. दगडाची मूर्ती कुणी पाहत नसतानाही मूर्ती असते. टीव्हीची, आवाजाची, इंटरनेटवरची कलाकृती प्लग काढला की नसते. ती रोज सकाळी कुणीतरी घडवावी लागते. एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात मी एकदा गेले होते, पाचपैकी तीन कामांवर 'तांत्रिक कारणामुळे बंद' अशी पाटी. चालू होती त्या दोन कामांजवळ एक विशीतला मुलगा स्टुलावर बसलेला. बोलता बोलता त्यानं दाखवलं, सकाळी आधी प्लेअर लावायचा, मग अकरापर्यंत मोजायचं, मग प्रोजेक्टर, नाहीतर आवाज आणि चित्र जुळत नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्यानं स्वतः शोधलं होतं. तो रजेवर असेल त्या दिवशी ते काम अकरा आकडे चुकून चालत असणार. भिंतीवरच्या पाटीवर कलाकाराचं नाव होतं, पुरस्कर्त्यांची नावं होती.

माझ्या स्वतःच्या कामाचंही तेच झालं. २००४ साली मी फ्लॅशमध्ये, म्हणजे वेबपानावर हलती-बोलती चित्रं चालवणाऱ्या तेव्हाच्या सॉफ्टवेअरमध्ये, अण्णांच्या दुकानाचं एक चित्र केलं होतं. मांडणीवरच्या प्रत्येक सेटवर बोट ठेवलं की त्याचा बिघाड दिसायचा, कुठं रेघ, कुठं मुंग्या, कुठं हिरवी तोंडं, आणि मागून दुकानातले आवाज. तेव्हा बऱ्याच लोकांनी पाहिलं. ३१ डिसेंबर २०२०ला फ्लॅशचा आधार संपला आणि काही दिवसांत ब्राउझरांनी ते चालवणंच थांबवलं. फाइल माझ्याकडं आहे, एक बाइटही हललेली नाही, पण ती उघडणारं दार भिंतीत बुजवलं गेलं. हल्ली 'रफल' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, जगभरच्या हौशी लोकांनी जुनं फ्लॅश पुन्हा चालावं म्हणून लिहिलेलं. त्यात माझं दुकान अर्धं उघडतं. चित्रं येतात, आवाज नाही. या मंडळींना मी कधी भेटलेले नाही, पण मनात त्यांना अण्णांच्या शेजारच्या टेबलावर बसवते.

इंटरनेटवरच्या कलेत जे साधं असतं ते जास्त जगतं, हे मी धंद्यात शिकले. ओलिया ल्यालिना या रशियन कलावतीनं १९९६ साली एका परतलेल्या सैनिकाची आणि त्याच्या प्रेयसीची गोष्ट साध्या एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानं लिहिण्याच्या भाषेच्या, चौकटींत मांडली. एका ओळीवर क्लिक केलं की चौकट दुभंगते, बोलणं तुकड्या-तुकड्यांत होत जातं. ती आजही उघडते. उलट 'टेलिगार्डन'चं बघा. १९९५ साली केन गोल्डबर्ग आणि जोसेफ सांतारोमाना यांनी अमेरिकेत एक वाफा केला, खरी माती, खरी रोपं, मधोमध यंत्राचा हात. जगातल्या कुठल्याही माणसानं आपल्या संगणकावरून तो हात हलवून रोपाला पाणी घालायचं, बी पेरायचं. पुढं तो वाफा ऑस्ट्रियातल्या लिंत्सला गेला आणि २००४ साली बंद झाला. लोक सुटीवर जाताना एकमेकांना 'माझ्या रोपाला पाणी घाला' असं सांगत असतील, असं माझं मन मला सांगतं. त्या कलेतली खरी गोष्ट तीच, शेजारधर्म.

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला रस्त्याच्या मधल्या एका बेटावर लोखंडी जाळी आहे, तिच्याखालून मोठ्या घंटेच्या विरत जाणाऱ्या नादासारखा आवाज येत राहतो. मॅक्स न्यूहाउस या तालवादकानं तो १९७७मध्ये तिथं बसवला. पाटी नाही, नाव नाही, हजारो माणसं वरून निघून जातात. १९९२मध्ये तो बंद पडला आणि दहा वर्षांनी, २००२मध्ये, पुन्हा सुरू झाला. मी तिथं गेलेले नाही. पण त्याबद्दल वाचताना मला आमच्या मिरजेची सतारमेकर गल्ली आठवते. तंबोऱ्याच्या घोडीवर तारा घासून घासून बारीक खाचा पडतात, नाद बसतो, मग कारागीर घोडी घासून जवारी, म्हणजे तारेचा भरलेला झंकार, पुन्हा काढतो. किती घासायचं हे कानानं ठरतं, तारेखालच्या दोऱ्याची जागा सुताइतकी इकडं-तिकडं होते. गायक स्वर लावतो तेव्हा त्याच्या मागं जो भरलेला नाद असतो तो त्या कारागिराचा असतो, आणि मैफलीत तो बहुधा नसतो. मिरजेतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

२०१९च्या सुरुवातीला, सोलच्या आधी, मी कोचीच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, शिल्पा गुप्तांचं काम पाहिलं होतं. त्या मुंबईच्या, जे. जे. स्कूलमध्ये शिल्पकला शिकलेल्या. कामाचं नाव 'फॉर, इन युअर टंग, आय कॅनॉट फिट', तुझ्या भाषेत मी मावत नाही. अंधारं दालन. वरून सोडलेले शंभर मायक्रोफोन. प्रत्येकाखाली एक लोखंडी सळई, सळईच्या टोकानं भोसकलेला कागद, कागदावर कवितेची ओळ. शंभर कवी, लिहिण्यापायी किंवा आपल्या मतांपायी तुरुंगात गेलेले, वेगवेगळ्या शतकांतले, वेगवेगळ्या भाषांतले. एक मायक्रोफोन एक ओळ म्हणतो, मग बाकीचे तिच्यात मिसळतात, कुजबुज दालनभर फिरते. मायक्रोफोन ऐकतो, बोलत नाही. इथं ते बोलत होते, कारण त्यांची जोडणी उलटी केलेली होती.

मी त्या सळयांमध्ये उभी राहिले आणि मला दुकानातला इंटरकॉम आठवला. अण्णा दवाखान्यांना, वाड्यांना इंटरकॉम जोडून द्यायचे. त्या डब्यात एकच छोटा स्पीकर असायचा. बटण दाबलं की तो ऐकायचा, सोडलं की बोलायचा. "पडदा तोच, कॉइल तीच, चुंबक तोच," ते म्हणायचे, "करंट कुठनं कुठं जातोय एवढाच फरक." ऐकणाऱ्यालाच बोलतं करता येतं, हे मला आठव्या वर्षी ठाऊक होतं. त्याचा अर्थ कोचीच्या त्या अंधारात लागला. ज्यांच्या तोंडासमोर माइक कधी धरलाच गेला नाही, त्यांच्या बाजूनं माइकच बोलत होता. एक बाई एका कागदापाशी वाकून ओळ वाचत होती आणि तिच्या डोक्याच्या वीतभर वर कुणीतरी तीच ओळ म्हणत होतं. ती वर बघत नव्हती. मी बाहेर आले ती रडत.

सोलला दुसऱ्यांदा गेले २०२३च्या पानगळीत, आणि या वेळी शनिवार मुद्दाम राखून ठेवला. दोन वाजायला दहा मिनिटं असताना मी मनोऱ्यापाशी उभी होते. आसपास बरीच माणसं, शाळकरी मुलं, काठी टेकत आलेले एक आजोबा. मग खालच्या रांगेतले मोठे सेट लागले, मग मधले, आणि उजेड वर चढत गेला. ट्यूब एकदम लागत नाही. आधी अंधारात नुसती राखाडी चाहूल, मग चित्र आतून वर येतं. नाचणारी माणसं, झेंडे, ढोल, दरवाजे, रंगांचे लोंढे, एकाच वेळी शेकडो पडद्यांवर. सगळ्यांचे चेहरे निळे-गुलाबी झाले.

मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. ते आता ऐंशीच्या पुढं आहेत, दुकान कधीच बंद झालं. त्यांनी चष्मा लावला, फोन नाकाजवळ धरला. मी सांगितलं काही नाही, फक्त फोन मनोऱ्याकडं वळवला आणि भोवतीच्या रस्त्यानं गोल गोल वर चालत राहिले. फोनच्या कॅमेऱ्यात ट्यूबचा पडदा धड दिसत नाही, काळे पट्टे हळूहळू सरकत राहतात, कॅमेऱ्याची गती आणि सेटची गती जुळत नाही म्हणून. अण्णा म्हणाले, "होल्ड गेलाय का सगळ्यांचा?" मग स्वतःच म्हणाले, "न्हाई, न्हाई. मोबाइलमुळं." मी चालत राहिले. मिरजेतून नुसता श्वास ऐकू येत होता. वरच्या वळणावर आल्यावर ते म्हणाले, "थांब. जरा वर कर फोन. अजून वर."

मी फोन वर केला.

"हे वरचे वेगळे हायत. पट्टा खालच्यांनाच येतोय, वरच्यांना न्हाई." थोडं थांबून, "वरच्या ट्यूबा मिळाल्या न्हाईत व्हय त्यांना?"

"नाही मिळाल्या, अण्णा."

"बारक्या मिळतच न्हाईत," ते म्हणाले. मग विचारलं, "शिट्टी येत्या का गं?"

मी कठड्याला टेकून ऐकलं. माणसांचं बोलणं, बुटांचे आवाज, खालून येणारं संगीत. डोळे मिटून पुन्हा ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी अण्णांनाही येत नव्हती. शेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी दोन्ही कानांवर तळवे दाबून मनोऱ्याकडं बघत होती, आणि तिची आई वाकून तिला काहीतरी विचारत होती.

"येत्या, अण्णा," मी म्हणाले.